प्रेमापोटी व स्वखुशीने

मागच्या महिन्यात एका हक्कसोडपत्रावर सही करायला गेले होते. हक्क माझाच, सही माझीच, सोडायचा दादासाठी. त्यानं सगळं तयार ठेवलेलं, मी फक्त आधार, पॅन आणि दोन फोटो घेऊन यायचं होतं, आणि वहिनीचा आदल्या रात्री फोन, "डबा बिबा आणू नका हां, सही झाली की मिसळ खायला जाऊ." दस्त लिहिणाऱ्याची खोली म्हणजे जिन्याखालची एक खोपटी, आत झेरॉक्स मशीन, गरम कागदाचा तो वास, आणि कॉम्प्युटरवर बसलेला एक पोरगा, तोंडात मावा. त्यानं प्रिंट हातात दिली. मी पर्समधनं चष्मा काढला तर दादा म्हणाला, अगं वाचतीस काय, नेहमीचंच हाय. तरी वाचलं. लिहून देणार मी, लिहून घेणार दादा, गट नंबर, चतुःसीमा, पूर्वेस ओढा, दक्षिणेस कुणाचं तरी शेत, आणि तिसऱ्या पानावर ते वाक्य, की सदर मिळकतीतील माझा संपूर्ण हक्क मी सौ. अमुक अमुक प्रेमापोटी व स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता कायमचा सोडून देत आहे. आणि त्या सौ.च्या पुढं माझं नाव नव्हतं. दुसऱ्याच कुठल्यातरी बाईचं होतं.

पोरगा हसला. "आधीच्या पार्टीचं राहिलं वाटतं मॅडम. चार जागी बदललंय, एका जागी राहिलं." तो दुरुस्त करून परत प्रिंट काढेपर्यंत तिकडं सर्व्हर गेला, मग जेवणाची सुट्टी झाली, मग "आता पुढच्या आठवड्यात या." मिसळ मात्र खाल्ली. वहिनीनं पिशवीतनं साडी काढून दिली, पिस्ता कलर, काठ चांगला होता. "सही झाल्यावर द्यायची होती, पण आणलीच हाय तर न्या."

साडी आवडली, खोटं कशाला बोलू.

पण त्या दुसऱ्या बाईचं नाव काही डोक्यातनं जाईना. तिचं गाव कुठलं, तिला साडी कुठल्या रंगाची मिळाली, तिनं वाचलं का. म्हणजे माझं प्रेम आणि तिचं प्रेम एकाच फाईलमधलं, नुसतं नाव बदलायचं. आणि रिक्षात बसल्यावर, कोल्हापुरात कावळ्या नाक्याला ताराराणीच्या पुतळ्याला वळसा घालताना, मला एकदम आमच्या आत्यासाहेब आठवल्या. ह्या कागदावर जन्मात सही न केलेली आमच्या घरातली एकुलती एक बाई. पुतळ्याकडं बघून त्या एकदा काय म्हणाल्या होत्या ते मी विसरूनच गेले होते, ते पण आठवलं. त्याच्याकडं येते.

आत्यासाहेब म्हणजे माझ्या वडलांच्या धाकट्या बहीण. इनामदारांची लेक. आता आमच्यासारख्या घरांबद्दल सांगायचं तर इनाम गेलं आणि इनामदार राहिले, असली गत. कोल्हापूर संस्थान १९४९ ला मुंबई राज्यात गेलं, मग इनामं गेली, मग १ एप्रिल १९५७ ला कूळकायद्यानं कसणाऱ्याची जमीन कसणाऱ्याला, आणि आमच्याकडं उरली अकरा एकर, त्यातली चार माळाची, आणि पन्हाळ्याच्या बाजूला गावातला वाडा, ज्याची अर्धी कौलं दर पावसाळ्यात बदलायला लागायची. पण रुबाब साऱ्या पंचक्रोशीचा. पोरांनासुद्धा अहोजाहो. मला पाच वर्षाची असताना आत्यासाहेब म्हणायच्या, "तुम्ही नाक पुसा आधी." त्यांच्या पायात बायकांची नाजूक चप्पल मी कधी बघितली नाही, कायम कापशी, पुरुषांची, जाड, करकर वाजणारी. माडीवरनं त्या उतरायला लागल्या की स्वयंपाकघरात बोलणं थांबायचं. मोठेपणी मी विचारलं, तुम्हाला जड होत नाही का हो ही? तर म्हणाल्या, बाईमाणसानं घरात वाजत फिरावं, नाहीतर लोक विसरतात की आपण हाय.

त्यांना स्थळं यायची. १९५८-५९ पासून यायला लागली ती पार मी शाळेत जाईपर्यंत, शेवटी शेवटी बिजवरांची. पाहुणे यायचे म्हटलं की घरात मटण, तांबडा-पांढरा, माडीवर गाद्या, पानाचं तबक. आत्यासाहेब चहा घेऊन यायच्याच नाहीत, हात मोकळे घेऊन यायच्या आणि खुर्चीवर बसायच्या. आई सांगायची, एका बेळगावकडच्या स्थळाला त्यांनी सगळ्यांच्या देखत विचारलं, "आपल्याकडं कर्ज किती आहे?" पांढरा रस्सा पिता पिता त्या माणसाला ठसका लागला. आजोबा आतनं उठून गेले. ते स्थळ अर्थातच मोडलं, आणि नंतर कळलं की कर्ज होतं, भरपूर होतं, आणि त्यांना हुंडा नको होता कारण त्यांना आमच्या ओढ्याकाठच्या तीन एकराबद्दल कुणीतरी सांगितलेलं.

आजोबा १९६१ ला गेले. बारावं झालं, तेरावं झालं, आणि त्यानंतर आठ दिवसांनी मधल्या आत्याला निपाणीहून बोलावणं धाडलं. तेव्हा आजच्यासारखं रजिस्टर बिजिस्टर नसायचं सगळीकडं, चावडीत तलाठ्यापुढं जबाब द्यायचा की मला काही नको, भावांच्या नावानं करा, आणि फेरफार व्हायचा. मधल्या आत्यानं जबाब दिला, साडीचोळी घेतली, ओटी भरून घेतली आणि सांजच्या एसटीनं परत गेली. चारेक वर्षांनी ती दोन पोरं घेऊन माहेरी आली तेव्हा तिला महिनाभर सगळ्यांनी अतिशय चांगलं वागवलं. पाहुणीला वागवतात तसं. महिना झाल्यावर तिला कुणी जा म्हटलं नाही, नुसतं विचारलं की गाडी कितीची बघायची.

आत्यासाहेबांना मात्र त्या चावडीत नेता आलं नाही. त्या एकट्या कोल्हापूरला गेल्या, कोर्टाजवळ एका वकिलाकडं (आजोबांचा दोस्त, त्यामुळं फी घेतली नाही असं आई म्हणायची, आत्यासाहेब म्हणायच्या घेतली, दहा रुपये), आणि १९५६ चा वारसा कायदा समजून घेऊन आल्या. त्या कायद्यात २३ वं कलम होतं, आता ते २००५ ला काढून टाकलंय, पण तेव्हा असं होतं की बापाच्या राहत्या घरात मुलींचा वाटा आहे खरा, पण भाऊ स्वतः वाटणी करत नाहीत तोवर त्यांनी वाटणी मागायची नाही. आणि वाटणी नाही तर निदान राहायचा हक्क? तो होता, पण फक्त तीन प्रकारच्या लेकींना. जिचं लग्न झालं नाही, जिला नवऱ्यानं टाकलंय किंवा जी त्याच्यापासनं वेगळी झालीय, आणि जी विधवा आहे. नांदत्या लेकीला बापाच्या घरात राहायचा हक्क नाही. वकिलानं हे समजावून सांगितल्यावर आत्यासाहेब म्हणे थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे बाईचं काहीतरी बिघडलेलं पाहिजे."

मग त्यांनी त्यातल्या त्यात स्वस्तातलं निवडलं.

हे मी आज असं लिहितेय, पण आम्हाला पोरासोरांना हे कधी पटलंच नाही. मी आणि माझ्या चुलत बहिणी, आम्ही सगळ्यांनी मिळून आत्यासाहेबांसाठी एक माणूस तयार केला होता. तो कधी सैन्यात असायचा, कधी शाळेत चित्रकला शिकवायचा, एकदा तर आम्ही त्याला टीबीनं मारला होता. माडीवरच्या खोलीत त्यांची ट्रंक होती, पत्र्याची, हिरवी, तिला कुलूप. आमची खात्री की आत पत्रं आहेत. एकदा दुपारी त्या उसाच्या तोडणीला शेतावर गेल्या असताना आम्ही ती उघडली. डांबरगोळ्यांचा वास आला, आणि आत सातबारे. वर्षावार सुतळीनं बांधलेले सातबारे, आठ अ चे उतारे, शेतसाऱ्याच्या पावत्या, साखर कारखान्याच्या शेअरचा कागद, मोजणीचा नकाशा. आम्ही तळापर्यंत हात घातला. एकही पत्र नाही, फोटो नाही, वाळलेलं फूल नाही. इतका राग आलेला मला त्यांचा, आठवतंय. प्रेमभंगासाठी लग्न न केलेली बाई आम्हाला चालली असती, आम्ही तिच्यासाठी रडलोसुद्धा असतो. जमिनीसाठी लग्न न करणारी बाई म्हणजे काय, नुसती हावरट.

आता त्या दुपारची लाज वाटते, ट्रंक उघडल्याची कमी, आणि निराश झाल्याची जास्त.

तर त्या मिसळीच्या रात्री झोप येईना म्हणून मोबाईलवर वाचत पडले, एकातनं दुसऱ्यात, दुसऱ्यातनं तिसऱ्यात, आणि कुठल्या कुठं जाऊन पोचले बघा, इंग्लंडात, ११३० साली. तिथल्या राजाच्या खजिन्याच्या हिशोबात एका बाईची नोंद आहे. लूसी, चेस्टरची काउंटेस. लिंकनशायरमध्ये तिची स्वतःची वारशाची मोठी जमीन. तीन नवरे झालेले, तिसरा आदल्याच वर्षी गेलेला. तेव्हाची रीत अशी की असली जमीनवाली बाई मोकळी झाली की राजा तिचं लग्न आपल्या मर्जीतल्या माणसाशी लावून देऊ शकायचा, म्हणजे बाईबरोबर जमीन गेली, बक्षीस म्हणून. तर ह्या लूसीनं राजाला पाचशे मार्क चांदी कबूल केली, कशासाठी, तर पाच वर्षं आपलं लग्न लावू नये म्हणून. हे हिशोबात लिहिलंय. वर्षाला शंभर मार्क, लग्न न करायचे. पुढं १२१५ च्या त्या प्रसिद्ध मॅग्ना कार्टाच्या सनदेत एक कलमच आलं की विधवेला तिच्या मनाविरुद्ध लग्न करायला भाग पाडता येणार नाही, म्हणजे ८५ वर्षांनी ते फुकट झालं, निदान कागदावर. मी अंधारात हसले. आत्यासाहेबांना सांगितलं असतं तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला असता, पाचच वर्षांचं का केलं? एकदाच कायमचं मिटवायचं की.

आणि अजून एक होती, तिच्यासाठी तर मी दीडपर्यंत जागी राहिले. अॅन क्लिफर्ड. बाप अर्ल, तो १६०५ ला गेला तेव्हा ही पंधरा वर्षांची, एकुलती एक जिवंत लेक, तरी बापानं जमीनजुमला, किल्ले सगळं आपल्या भावाच्या नावानं लिहिलं आणि पोरीला रोख पंधरा हजार पौंड. हिनं लग्न केलं, पण नवरा उधळ्या, जुगाराचं देणं, तो मागं लागला की तडजोड कर, रोकड घे, सही कर. १६१७ ला खुद्द राजा जेम्सनं निकाल दिला चुलत्याच्या बाजूनं, आणि ही राजाच्या तोंडावर म्हणाली मला मान्य नाही. नुसती थांबली. सव्वीस वर्षं. १६४३ ला चुलत्याचा पोरगा पुरुष वारसाशिवाय मेला तेव्हा सगळं हिच्याकडं आलं, ही त्रेपन्न वर्षांची. मग बाईनं पडके किल्ले बांधून काढले आणि शहाऐंशीपर्यंत जगली. वाचताना मला तिचा चेहरा आमच्या वाड्याच्या सोप्यात उभ्या असलेल्या, कौलं शाकारणाऱ्या गड्यांवर ओरडणाऱ्या बाईसारखाच दिसायला लागला.

फरक एवढाच वाटला की तिकडं लग्न झालं की बायकोची मालमत्ता कायद्यानंच बहुतेक नवऱ्याच्या हाती जायची, पार १८८२ पर्यंत. सरळ होतं, शत्रू समोर दिसत होता. आपल्याकडं काढून घ्यायला कुणी नवरा लागत नाही, राजा लागत नाही. दादा लागतो. ज्यानं मला सायकल शिकवली, जो पुराच्या पाण्यातनं मला खांद्यावर घेऊन शाळेत गेला, ज्यानं आईचं शेवटचं दीड वर्ष अंथरुणात केलं आणि मी रविवारी रविवारी डबा घेऊन जात होते. त्याला काय म्हणायचं? त्याचं काही चुकतंय असं मला आजही छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही, आणि सही करायला हात उचलत नाही, दोन्ही खरं आहे.

माझं स्वतःचं गणित तर अजून मजेशीर आहे. माझं लग्न झालं मे १९९४ मध्ये. महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखाच जन्मजात हक्क द्यायचा कायदा केला, तो लागू झाला २२ जून १९९४ पासनं, आणि त्यात स्पष्ट लिहिलेलं की आधी लग्न झालेल्या मुलींना हे लागू नाही. चार-पाच आठवड्यांचा फरक. अक्षता थोड्या उशिरा पडल्या असत्या तर. म्हणजे कोर्टाजवळच्या त्या वकिलाच्या खोलीतलं तेवीसावं कलम तेहतीस वर्षांनी परत माझ्यापुढं उभं राहिलं, लग्न झालं का, हो, मग बाजूला उभी राहा. नंतर २००५ ला दिल्लीच्या कायद्यानं ती अट गेली, आणि २०२० ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की मुलीचा हक्क जन्मापासनंचा, २००५ चा कायदा आला त्या तारखेला बाप जिवंत पाहिजे असंही नाही. एवढं सगळं तीन-चार वेळा फिरून माझ्यापर्यंत आलं, आणि ते सोडायचा स्टॅम्प त्या पिस्ता साडीपेक्षा स्वस्त.

आणि गंमत म्हणजे ते लग्न जमवलं कुणी? आत्यासाहेबांनी. मला तेव्हा पुढं शिकायचं होतं, मी त्यांच्या माडीवर जाऊन रडले, म्हटलं तुम्ही नाही केलंत, मला का सांगताय. त्या जेवत होत्या. त्या कायम एकट्याच जेवायच्या, माडीवर, पितळी ताटात, भाकरी आणि काहीतरी तिखटजाळ. त्यांनी घास संपवला, पाणी प्याल्या, मग म्हणाल्या, "रोज एकटं जेवायला बसता येईल का तुम्हाला? खरं सांगा." मी काही बोलले नाही. "नाही ना. मग करा." एवढंच. मला अजून कळत नाही की ती माया होती, की त्यांना आपल्यासारखी दुसरी नको होती, की नुसता हिशोब सांगितला त्यांनी, हे एवढं पडतं, परवडतंय का बघा. घरातल्या हळदीकुंकवाला त्या खाली यायच्या नाहीत. लग्नात अक्षता टाकायला पुढं यायच्या नाहीत, कुणी अडवलं नव्हतं, पण कुणी बोलवलंही नव्हतं. लूसीनं पाचशे मार्क एकदम कबूल केले. ह्यांनी हप्त्यानं फेडले.

त्यांना देवी करायची माझी अजिबात इच्छा नाही. शेतावर रोजगार द्यायला त्या महाकडक होत्या, बायकांना दहा मिनिटं उशीर झाला तर अर्धी हजेरी लावायच्या. आमच्या वाड्यावर ज्या घराच्या तीन पिढ्या राबल्या त्यांच्या म्हातारीनं घर बांधायला दोन गुंठे माळ मागितला तर आत्यासाहेबांनी दिला नाही. "एकदा दोन दिले की मोजणी बदलते." मी होते तिथं. म्हातारी काही बोलली नाही, पदर सावरून बाहेर बसली, चहा मात्र आत्यासाहेबांनी स्वतः नेऊन दिला. स्वतःचं एक पाऊल जागा राखायला जिनं सगळं पणाला लावलं तिला दुसरीचं दोन गुंठे दिसू नयेत, हे मला तेव्हाही टोचलं आणि आताही टोचतं, आणि ह्याला माझ्याकडं उत्तर नाही.

हां, पुतळ्याचं राहिलं. कधीतरी दवाखान्यातनं परत येताना आम्ही दोघी कावळ्या नाक्यावर रिक्षाची वाट बघत उभ्या होतो. मी उगाच म्हटलं, किती भारी वाटतं ना, आपल्या गावात घोड्यावर बसलेली बाई. त्या वर बघत म्हणाल्या, "राजाराम महाराज गेले म्हणून बसता आलं. पंचविशीत." मग थोड्या वेळानं, "आणि नंतर पन्हाळ्यावर कैदेत कुणी टाकलं, सवतीनं." मग अजून थोड्या वेळानं, "पुढं दुसऱ्या संभाजींच्या जिजाबाईंनी चालवलं कोल्हापूरचं राज्य, त्या पण विधवाच." आणि मग रिक्षा आली. तेव्हा मला वाटलं म्हाताऱ्या माणसाचं आपलं काहीतरी. आता वाटतं त्या तेवीसावं कलमच वाचत होत्या, पुतळ्यावरनं.

त्या २००७ च्या पावसाळ्यात गेल्या, माडीवरच्याच खोलीत, कुणाच्या मध्ये न येता. मृत्युपत्र केलं नव्हतं. लग्न नाही, मूल नाही, म्हणजे बापाकडनं आलेलं ते बापाच्या वारसांकडं, फिरून आमच्याच घरात. शेहेचाळीस वर्षं राखलं आणि जिथनं आलं तिथंच गेलं. दादा म्हणाला होता तेव्हा, बघ, एवढं कशासाठी केलं बिचारीनं. मी पण मान हलवली होती.

काल संध्याकाळी दादानं दुरुस्त केलेला मसुदा व्हॉट्सॅपवर पाठवला. ह्यावेळी चारी पाची ठिकाणी माझंच नाव आहे, मी मोजलं. 'प्रेमापोटी व स्वखुशीने' तसंच. गुरुवारी अकराला ये म्हणाला. मी लिहिलं, आधी चालू सातबारा पाठव. त्याचं आलं, कशाला गं? मी काही उत्तर दिलं नाही, खरं सांगायचं तर माझ्याकडं उत्तर नव्हतं, हात आपोआप टाईप करून गेला. अर्ध्या तासानं त्यानं पाठवला. मी चष्मा लावला आणि दोन बोटांनी मोठा करत करत वाचला. ओढ्याकाठचे तीन एकर. दादाचं नाव. माझं नाव, आणि ते माहेरचं, वडलांचं नाव लावून, आडनाव तेच जुनं. आणि सगळ्यात वर आत्यासाहेबांचं. वारस नोंद करायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं इतकी वर्षं. सरकारदप्तरी त्या अजून आहेत, आजोबांचं नाव लावून, माडीवरच्या खोलीत असल्यासारख्या.

दादाला हे सांगितलं तर गुरुवारची सही परत पुढं जाईल, आधी त्यांची नोंद कमी करायला लागेल, अर्ज, मृत्यूचा दाखला, पंधरा दिवसांची नोटीस. मी फोन उशाशी ठेवला आणि स्वयंपाकाला उठले. हे बाहेरगावी आहेत, पोरगी पुण्यात. एकीपुरती भाकरी थापली, ठेचा होताच.